किट पुन्हा घेण्याआधी एकदा पीएच बघा

ताई, तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी सांगते, म्हणजे माझं उत्तर कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय २९. दोन वर्षांपासून मूल हवं आहे, पण दिवस राहत नाहीत. गेलं दीड वर्ष अंगावरून पांढरं जातं, आणि संबंधानंतर व पाळी संपता संपता माशासारखा वास येतो. दर वेळी मेडिकलमधून तोच तीन औषधांचा किट घेता, दोन-तीन आठवडे बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. सोनोग्राफीवरून कुणीतरी 'पिशवीच्या तोंडाला सूज आहे' असं सांगितलं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. आता तुम्ही विचारता आहात की 'चांगल्या जंतूंच्या' कॅप्सूल घ्याव्यात का, योनीतल्या सगळ्या जंतूंची ती महागडी तपासणी करावी का, आणि यामुळेच मूल होत नाही का.

मी सोलापुरात बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. विडी वळणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात शिवणावर बसणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या अशा सगळ्या बायका मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये हीच तक्रार घेऊन येतात, आणि बहुतेकींच्या पिशवीत किटची रिकामी पाकिटं असतात. तुमच्या बाबतीत मला खरी अडचण ही दिसते: दीड वर्षात औषध अनेकदा झालं, पण स्राव कशाचा आहे हे पाहण्यासाठी तुम्हाला टेबलावर घेऊन कुणी तपासलेलं दिसत नाही. ते झाल्याशिवाय कॅप्सूल काय आणि महागडी तपासणी काय, दोन्हींवर मत देणं म्हणजे अंदाज बांधणं.

आधी थोडं शरीराबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. योनिमार्ग निर्जंतुक नसतो आणि नसावाही. पाळी सुरू असण्याच्या वयात इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं. त्या पेशी गळून पडतात, ग्लायकोजेनचं विघटन होतं आणि तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू त्यापासून लॅक्टिक आम्ल बनवतात. दूध विरजलं की आंबटपणामुळे इतर जंतूंची वाढ थांबते, तसंच इथेही होतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण ३.५ ते ४.५ राहतो आणि बाहेरून येणाऱ्या बऱ्याच जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. जर्मन डॉक्टर अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच या जंतूंचं वर्णन केलं होतं. वयात येण्याआधी आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी असतं, म्हणून तेव्हा हे जंतूही कमी असतात.

या लॅक्टोबॅसिलसमध्येही प्रकार आहेत. क्रिस्पॅटस नावाचा जंतू टिकाऊ पहारेकरी मानला जातो. इनर्स नावाचा त्यामानाने ढिला, त्याचं राज्य असलेल्या योनीत समतोल लवकर ढळतो. २०११ मध्ये अमेरिकेत जॅक रॅव्हेल यांच्या गटाने कोणतीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांचे नमुने तपासले. त्यातून पाच गट निघाले. चार गटांत एकेका लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व होतं, पाचव्यात लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जंतूंचं मिश्रण. या पाचव्या गटातल्या स्त्रियाही तक्रार नसलेल्याच होत्या. हे लक्षात ठेवा, महागड्या तपासणीबद्दल बोलताना लागेल.

स्राव मुळात असतोच. महिन्याच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमारास, तो पारदर्शक, निसरडा आणि बोटांत ताणला जाणारा होतो. मूल हवं असलेल्या बाईसाठी तो चांगला संकेत आहे. अनेकजणी त्यालाच आजार समजून आत गोळ्या ठेवतात, आणि नेमके ते दिवस वाया जातात. 'पांढरं जाण्याने हाडं झिजतात, ताकद जाते' ही भीती मी रोज ऐकते. हाडं झिजत नाहीत. थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघावं, ते कमी निघण्याची शक्यता भरपूर असते.

तक्रार आणि आजार यांचा मेळ दोन्ही बाजूंनी बिघडतो. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित काही ना काही आजार होता, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. उलट गोव्यातल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेकींना जंतुसंसर्ग नव्हताच, त्यांच्या तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी जास्त होतं. म्हणून 'पांढरं जातं' एवढ्या वाक्यावर मी कुणालाच औषध लिहीत नाही. मूल होत नाही म्हणून घरात रोज प्रश्न ऐकावे लागत असतील, तर तोही ताण मी विचारात घेते. त्याबद्दल बोलायला तपासणीच्या खोलीइतकी सुरक्षित जागा अनेकींना दुसरी नसते.

आता तुमच्या लक्षणांकडे येते. माशासारखा वास, तोही संबंधानंतर आणि पाळीच्या शेवटी जास्त: यावरून माझा पहिला संशय बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर जातो. यात बाहेरून कुठला एक शत्रू आलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेला व हवेशिवाय वाढणारे इतर अनेक जंतू त्यांची जागा घेतात. ते अमाइन नावाची द्रव्यं बनवतात. वीर्य आणि पाळीचं रक्त दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे ही द्रव्यं हवेत उडतात आणि वास येतो. तुम्ही सांगितलेली वेळ म्हणूनच महत्त्वाची आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे. कँडिडा या बुरशीत खाज आणि जळजळ मुख्य असते, स्राव दह्यासारखा घट्ट, वास फारसा नाही आणि पीएच बहुधा नेहमीसारखाच. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. त्यात हिरवट-पिवळा, कधी फेसाळ स्राव असतो, आणि त्यासाठी नवऱ्यालाही औषध द्यावंच लागतं. दोन आजार एकत्रही असू शकतात.

हे ओळखायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून आत पाहण्याचं साधन, लावून पाहायचं. पीएचची साधी पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला लावायची, पिशवीच्या तोंडाला नाही, कारण तिथला चिकट स्राव मुळातच अल्कधर्मी असतो. स्रावाचा थेंब मिठाच्या पाण्यात घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. 'लगेच' म्हणते, कारण ट्रायकोमोनास हलताना दिसला तरच पटकन ओळखू येतो, आणि स्लाइड गार झाली की तो हलायचा थांबतो. १९८३ पासून वापरात असलेले ॲम्सेलचे चार निकष आहेत: पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५ च्या वर, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा वास, आणि जंतूंनी लडबडलेल्या 'क्लू' पेशी. चारांपैकी तीन असले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणायचं. प्रयोगशाळेत ग्रॅम रंग देऊन न्यूजेंट गुणही काढतात. ० ते ३ ठीक, ७ ते १० म्हणजे हा आजार, मधले ४ ते ६ संदिग्ध. गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ काढणं अवघड असतं हे मला माहीत आहे. पण दीड वर्ष त्रास भोगणाऱ्या बाईने हे मागून घ्यावं असं मी आग्रहाने सांगते.

मग किटने दर वेळी बरं का वाटतं? कारण त्यातलं काही तुम्हाला खरंच लागू पडतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या या किटमध्ये बहुधा फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल असतं. सेक्निडॅझोल बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर चालतं, म्हणून वास जातो. फ्लुकोनॅझोल बुरशीसाठी आहे. बुरशी नसेल तर ते फुकट. अझिथ्रोमायसिन पिशवीच्या तोंडाच्या लैंगिक संसर्गांसाठी घातलेलं असतं. तो संसर्ग नसताना ते पुन्हा पुन्हा घेतलं तर पोटातल्या आणि योनीतल्या उपयोगी जंतूंनाच फटका बसतो, आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. सरकारी दवाखान्यातला हिरवा किट वेगळा, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. जिथे तपासणीची सोय नाही तिथे तो देण्यामागे विचार आहे. सोलापूर शहरात राहून तुम्ही मात्र त्यावर अवलंबून राहायला नको.

एक गोष्ट विशेष जपा. तुम्हाला मूल हवं आहे, म्हणजे पाळीच्या तारखेआधीच्या पंधरवड्यात तुम्ही गरोदर असू शकता आणि ते तुम्हाला माहीत नसेल. फ्लुकोनॅझोलची गोळी गरोदरपणात टाळतात. बुरशी खरंच असेल तर आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या किंवा मलम हा सुरक्षित मार्ग आहे. आणि बुरशी वरचेवर होत असेल तर साखर तपासा. मधुमेहाचा पत्ता पहिल्यांदा असा लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तपासणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालाच, तर पूर्ण ७ दिवसांचं मेट्रोनिडॅझोल, नाहीतर क्लिंडामायसिनचं मलम, हा नेहमीचा उपचार. तरी हा आजार परत येण्यात पटाईत आहे. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा होतो. गार्डनेरेला पेशींवर चिकट थर करून बसतो आणि औषध त्या थराच्या तळापर्यंत पुरेसं पोचत नाही, हे एक कारण. तुमचं काही चुकलं म्हणून तो परत येतो असं मुळीच समजू नका. तांबी बसवलेल्यांमध्ये तो थोडा जास्त दिसतो, पण तुमच्याकडे तो मुद्दा नाही.

दुसरं कारण नवरा. इतकी वर्षं आम्ही सांगत होतो की यात नवऱ्याला औषध देऊन फायदा नाही, कारण जुन्या अभ्यासांत तसंच दिसलं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकमेकांशी एकनिष्ठ असलेली १६४ जोडपी होती. निम्म्या जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं. उरलेल्यांत पुरुषालाही ७ दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचं मलम दिलं. १२ आठवड्यांत फक्त बाईला औषध दिलेल्यांपैकी ६३ टक्के जणींना आजार परत झाला, दोघांना दिलेल्यांपैकी ३५ टक्के जणींना. फरक इतका होता की अभ्यास लवकर थांबवला. तो आल्यापासून, वारंवार त्रास होणाऱ्या आणि एकच जोडीदार असलेल्या बायकांच्या नवऱ्यांनाही मी बोलावते. बोलावताना दोघांना समोर बसवून आधी स्पष्ट सांगते: हा आजार म्हणजे कुणाच्या बाहेरख्यालीपणाचा पुरावा नव्हे. हे वाक्य न बोलता नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली तर घरात काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. त्या आठवड्यात दोघांनी संबंध टाळायचे, कारण क्लिंडामायसिनच्या मलमाने निरोधही कमकुवत होतो. दारूही वर्ज्य.

एवढं करूनही परत आलं तर मेट्रोनिडॅझोलचं जेल आठवड्यातून दोनदा, काही महिने, असा लांबचा उपचार असतो. तो मात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि दिवस राहिल्यास लगेच कळवण्याच्या अटीवर.

कॅप्सूलबद्दल. चांगले जंतू परत बसवावेत ही कल्पना मला मनापासून आवडते, आणि तिच्यात तथ्य आहे. २०२० मध्ये अमेरिकेत २२८ स्त्रियांना मेट्रोनिडॅझोल जेलनंतर योनीत क्रिस्पॅटसचा एक ठरावीक वाण किंवा बिनऔषधी पूड दिली गेली. १२ आठवड्यांत आजार परत आला तो क्रिस्पॅटस घेतलेल्या ३० टक्के जणींना, न घेतलेल्या ४५ टक्के जणींना. फायदा आहे, पण पूर्ण नाही, आणि तो त्या वाणाचा आहे. मेडिकलमध्ये तोंडाने घ्यायच्या ज्या कॅप्सूल मिळतात त्यांत बहुधा वेगळे जंतू असतात आणि त्यांचा पुरावा कमजोर आहे. त्यांनी नुकसान सहसा होत नाही, पैसे जातात. मूळ उपचार सोडून फक्त त्या घेऊ नका. दही खा, भाकरीबरोबर रोज खा, पण आत लावू नका. दह्यातले जंतू योनीत वस्ती करणारे नव्हेत.

जंतूंच्या जनुकांची महागडी तपासणी तुम्ही आत्ता करू नये असं माझं मत आहे. तिच्यात दहा-वीस नावं आणि टक्केवारी येईल. वर सांगितलं तसं, काही निरोगी स्त्रियांचा अहवालही 'बिघडलेला' दिसतो. शिवाय जंतूंचं प्रमाण पाळीच्या आधी-नंतर बदलतं. त्या अहवालावरून माझा उपचार बदलेल असं मला वाटत नाही. तेच पैसे पुढे सांगते त्या तपासण्यांना लागतील.

कारण तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न मुलाचा आहे. आंबटपणा शुक्राणूंना मारतो म्हणून दिवस राहत नाहीत, अशी भीती अनेकींना असते. ती नको. वीर्य अल्कधर्मी असतं, ते योनीतला आंबटपणा काही वेळापुरता सौम्य करतं, आणि सशक्त शुक्राणू तेवढ्यात पिशवीच्या तोंडात शिरतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि गर्भाशयाच्या नळ्यांमुळे येणारं वंध्यत्व एकत्र जास्त आढळतात हे खरं आहे. पण एकामुळे दुसरं होतं हे पक्कं झालेलं नाही. क्लॅमिडिया, गोनोरिया यांसारखे संसर्ग लक्षणांशिवाय नळ्या खराब करू शकतात, आणि आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही नळ्या बंद होण्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. म्हणून स्रावाचा उपचार करा, पण त्याला मूल न होण्याचं कारण ठरवून थांबू नका. पस्तिशीच्या आत एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी करायची असते. तुमची दोन वर्षं झाली. नवऱ्याची वीर्यतपासणी, तुमचं बीज तयार होतं का ते, थायरॉइड, क्लॅमिडिया-गोनोरियासाठी नमुना, आणि स्राव आटोक्यात आल्यावर नळ्यांची एचएसजी, म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहणारी एक्स-रे तपासणी. यात वीर्यतपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त आहे, तरी आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते.

दिवस राहिल्यावर वास किंवा स्राव असेल तर उपचार जरूर घ्यायचा, मेट्रोनिडॅझोल तेव्हाही चालतं. या आजाराचं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं नातं अभ्यासांत दिसतं. पण लक्षणं नसलेल्या, धोका कमी असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला शोधून औषध दिल्याने ते टळत नाही, हेही फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

आता 'पिशवीच्या तोंडाला सूज'. सोनोग्राफीवरून हे ठरत नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं. पाहिल्यावरही अनेकदा तो लालसर भाग म्हणजे आतलं अस्तर बाहेर आलेलं असतं. तरुण वयात ते नैसर्गिक आहे, जखम नव्हे. पांढरं जातं म्हणून पिशवी काढायचा सल्ला कुणी दिला, तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी राज्य हादरलं होतं, आणि आमच्या भागातही तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका येतात, अंगावरून जाण्याची तीच तक्रार घेऊन. स्राव बहुतांशी योनीतून येतो. पिशवी काढून योनीतले जंतू बदलत नाहीत.

कॅन्सरची भीती असेल तर त्यासाठी वेगळी तपासणी आहे, तीही आपल्या जवळच सिद्ध झालेली. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या, एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुम्ही तिशीला टेकल्या आहात, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

घरी करायचं फार थोडं आहे. आत काहीही घालून धुऊ नका: डेटॉल नको, तुरटीचं पाणी नको, साबण नको, जाहिरातीतलं वॉश नको. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरतं, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात एक तांब्या पाणी त्यासाठी पुरेसं आहे. उन्हाळ्यात सुती कपडे वापरा. सासूबाईंचं उष्णतेचं म्हणणं मोडून काढत बसू नका. ताक-सब्जा त्या देतील तो आनंदाने घ्या, फक्त त्यासाठी तपासणी लांबवू नका.

ताप, ओटीपोटात सतत दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर कळ, संबंधानंतर रक्त, यांपैकी काही असेल तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

तसं काही नसेल तर पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी जा. सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीतही हे होतं, तिथल्या मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. आधीचे दोन दिवस आत गोळी ठेवू नका, संबंध ठेवू नका, नाहीतर पीएच चुकीचा येतो. आतापर्यंत घेतलेल्या किटची पाकिटं, अंदाजे तारखा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या. वीर्यतपासणीलाही २ ते ७ दिवस संबंध नसावे लागतात, तेव्हा नवऱ्यालाही त्याच दिवशी घेऊन जा, एका फेरीत दोघांचं होईल.